कडाप्प्याची शीव

आमच्या घराचा ओटा करंजघरात आहे आणि चूल वेळवणात. दोन्ही गावं आता खेड शहराच्या पोटात गेली आहेत. घरपट्टी नगरपरिषदेला जाते, नळ दोन्हीकडे सारखाच लहरी आहे, आणि पोस्टमन पत्त्यावरचं गावाचं नाव न वाचताच बरोबर दारात येतो. पण देवींना नगरपरिषद ठाऊक नाही. करंजघरची सोमजाई आणि वेळवणची वाघजाई, दोघी सख्ख्या बहिणी, अजून आपापल्या जुन्या शिवेत राहतात. ती शीव आमच्या मधल्या खोलीतून जाते.

बाबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. शिवेवरची जागा कोणी घेत नव्हतं म्हणून ती त्यांना मिळाली. पाया खणण्याआधी त्यांनी दोन्ही गावच्या जाणत्या माणसांना बोलावलं, चहा पाजला आणि शिवेवर दोरी धरायला लावली. पुढे फरशी बसवताना त्या दोरीच्या जागी त्यांनी काळ्या कडाप्प्याची वीतभर रुंद पट्टी टाकून घेतली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गवंड्याला वाटलं मास्तरांचं काहीतरी बिनसलंय. लहानपणी मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे निघाले की बाबा पेपरातून मान वर न करता विचारत, "पासपोर्ट?" मी पट्टीवर पाय न देता उडी मारून पलीकडे जायची. चाळिशी उलटली तरी अजून तशीच जाते.

ते स्वतःही तसेच पट्टीवरचे होते. गाव कांदाटी खोऱ्यातलं. नकाशात सातारा जिल्हा, पण मध्ये धरणाचं पाणी पसरलेलं, त्यामुळे साताऱ्याला जायचं तर लाँच आणि बाजाराला जायचं तर रघुवीर घाट उतरून खेड. खेडकरांनी त्यांना जन्मभर घाटावरचे म्हटलं. साताऱ्याला भावकीतल्या लग्नाला गेले की तिथले म्हणत, "या, कोकणातले पाहुणे आले." बाबांची स्वतःची तक्रार वेगळीच होती. "घाटी म्हणवून घ्यायला माझी ना नाही," ते म्हणत, "पण आमच्याकडे ज्वारी पिकतच नाही. नाचणी खाऊन घाटी कसं व्हायचं?" त्यावर आंजर्ल्याची माझी आई म्हणायची, "नि बांगड्यातला काटा घशात अडकतो, तो कोकणातला कसला?"

मी पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. सीमेवरच्या शहरांबद्दल बरंच वाचलं आहे. एका देशात दार आणि दुसऱ्यात खिडकी असलेली घरं, रस्ता ओलांडला की बदलणारी भाषा, अशी शहरं स्वतःला काय म्हणवतात यावर जाड जाड ग्रंथ आहेत. खेडवर ग्रंथ नाही. जगबुडी नदीच्या काठच्या या गावात बाजाराच्या दिवशी घाट उतरून आलेली माणसं, हर्णेहून सुकी मासळी घेऊन आलेल्या बाया आणि मुंबईहून रजेवर आलेले चाकरमानी एकाच टपरीवर चहा पितात, आणि प्रत्येकाची खात्री असते की खरा खेडकर आपण, बाकीचे बाहेरचे.

तर पालखीची गोष्ट.

शिमग्यात देवीची पालखी मंदिरातून बाहेर पडते आणि आपल्या शिवेतल्या प्रत्येक घरी जाते. घरची बाई देवीची ओटी भरते, गावकर, म्हणजे गावचा मानकरी, त्या घरासाठी देवीला गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून ओरडतात. एखादं घर श्रीमंत की गरीब, माणसं भांडखोर की शहाणी, हे देवी बघत नाही. आमच्या घरी मात्र ती कधी आली नाही. सोमजाई समोरच्या सकपाळांकडे येऊन मागे वळायची. वाघजाई मागच्या विहिरीपर्यंत येऊन मागे वळायची. बाबा दरवर्षी ओटा धुवून काढत, समई लावत, ताटात नारळ, खण आणि तांदूळ ठेवत आणि इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसत. दोन्हीकडचे ढोल ऐकू येत आणि मग लांब जात.

"तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना," मी एकदा म्हटलं होतं.

"बोलावल्यावर येते ती पाहुणी," बाबा म्हणाले. "घरचं माणूस बोलवावं लागत नाही."

मग ते सदरा काढून ठेवत आणि नारळ आईच्या हातात देत. "घे, यंदाही नारळ आपल्याच पोटात." त्या रात्री आमच्याकडे नारळाच्या दुधाची झकास सोलकढी व्हायची. मला पुष्कळ वर्षं वाटत होतं की सोलकढी हा शिमग्याचा नैवेद्यच आहे.

बाबा श्रावणात गेले. चैत्रात आई माझ्याकडे पुण्याला येणार आणि घर भाड्याने द्यायचं, असं ठरलं. म्हणजे आमचा या घरातला हा शेवटचा शिमगा. मी रजा काढून आले आणि आल्या आल्या आईला सांगितलं, "यंदा पालखी आपल्या घरी आली पाहिजे. मी बोलवायला जाते."

आई तांदूळ निवडत होती. "बापसाला तुझ्या आवडलं नसतं."

"माहीत आहे."

"मग जा," ती म्हणाली. "चप्पल नीट घाल. करंजघरात उतार आहे."

करंजघरचे गावकर भागोजीकाका आंब्याच्या पेटीवर बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होते. मी कोण ते सांगताच उठून उभे राहिले.

"मास्तरांची मृणाली! अगो, मला नकाशा काढायला तुझ्या बापसानं शिकवलं. आफ्रिका काढायला सांगितली नि मी काढला आंबा. मास्तर म्हणाले, हापूस आहे, पास!"

मी हसले आणि येण्याचं कारण सांगितलं. काकांचा हात दोरीवर थांबला.

"पन तुमचं घर वेळवणचं ना?"

"ओटा तुमच्यात आहे, काका."

"ओट्याचं काय घेऊन बसलीस! ओट्यावर कुत्रंपन बसतं. घर म्हनजे चूल. चूल कुठं?"

"वेळवणात."

"मग! तुमच्याकडं वाघजाई येते. आमी तिच्या घरात कसं घुसायचं? बहीन झाली म्हनून काय झालं, मान हाय तिचा."

मी नुसती मान हलवली. काकांना वाटलं मी समजले.

तिथून मी वेळवणला गेले. तिथले गावकर गंगारामकाका, मुंबईत गिरणीत होते, आता परत येऊन काजूची बाग बघतात. बाग चांगली आणि आवाज त्याहून मोठा.

"पालखी चुलीवर येते काय?" ते गरजले. "पालखी येते दारावर! दार कुठं तुमचं?"

"करंजघरात."

"झालं तर! मास्तर सोमजाईचे. आमचा म्हातारा दोरी धरायला होता, त्यानं येऊन सांगितलं, दार करंजघरात गेलं, आता आपन तिकडं जायचं नाय. शिस्त म्हनजे शिस्त."

"काका, सोमजाई आमच्याकडे कधीच आली नाही."

"काय बोलतेस?"

"करंजघरचे म्हणतात, तुमच्याकडे वाघजाई येते."

गंगारामकाका काजूच्या झाडाला टेकले.

"म्हनजे इतकी वर्सं मास्तरांकडं कोनच नाय?"

"नाही."

"आनि बोलले नाय कदी! दर रविवारी मटनाच्या दुकानात भेटायचे. राजकारनावर बोलायचे, पावसावर बोलायचे…" मग जरा खाली बघून म्हणाले, "खरं सांगू? आमाला वाटायचं, त्यांचा देव वर घाटात. आपल्याला कशाला विचारतील."

म्हणजे अंतर अगदीच नव्हतं असं नाही. पण मी घरून निघताना समजत होते तेवढंही नव्हतं. इतकी वर्षं मी मनात एक वाक्य धरून होते, की त्यांनी बाबांना आपलं मानलं नाही. ते वाक्य आता कुठे ठेवावं ते कळेना. बहिणीचा मान राखायचा म्हणून दोघी दारावरून वळत होत्या, आणि मधला माणूस इस्त्रीच्या सदऱ्यात बसलेला होता.

"बघतो," गंगारामकाका म्हणाले. "देवीला कौल लावतो. उजवा कौल दिला तर येतो."

परत जाताना मी भागोजीकाकांनाही हा घोटाळा सांगितला. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तेही म्हणाले, "कौल लावतो."

संध्याकाळी वेळवणहून फोन आला, वाघजाईने उजवा कौल दिला, शनिवारी सकाळी येतो. मी आईला सांगायला वळते तोवर करंजघरचा फोन. सोमजाईचाही उजवा. शनिवारी सकाळी.

"दोन्हीकडं आवतन देऊन आलीस?" आई म्हणाली. "आता?"

"आता काय?"

"अगो, दोन पालख्या अशा कुठंही भेटत नाहीत. त्यांची भेट माळावर, ठरल्या दिवशी. एक बसली असेल तिथं दुसरी येत नाही. एकीला कळलं दुसरी आलीय, की ती परत फिरेल. नि आपल्या माणसांचं तुला माहीत आहे. दोघी परत फिरतील."

"एकाला नको म्हणून सांगू?"

"देवीला नको म्हणून सांगतेस? तुझी पुस्तकं असंच शिकवतात?"

त्या रात्री तिने कपाटातून दुसरा खण शोधून काढला आणि शुक्रवारच्या बाजारातून दुसरा नारळ आणला. आणखी काही करता येण्यासारखं नव्हतं.

शनिवारी मी ओटा धुतला. आईने समई लावली. बाबांची खुर्ची मी आत नेत होते, तर ती म्हणाली, "राहू दे तिथंच." दहाच्या सुमाराला समोरून ढोल वाजू लागला. पाठोपाठ मागूनही. वर्षानुवर्षं ऐकलेला तोच दुहेरी ढोल, फक्त यावेळी तो लांब जात नव्हता. सोमजाईची पालखी सकपाळांचं घर सोडून पुढे आली, आमच्या फाटकाशी पोचली, आणि थांबली. भागोजीकाकांनी हात वर केला. ढोल बंद झाला. मागच्या बाजूचा ढोल आता स्पष्ट ऐकू आला, आणि तोही बंद झाला.

"मागं कोन हाय?" भागोजीकाकांनी विचारलं.

"वाघजाई," मी म्हटलं.

"अगो, मग आधी सांगायचं! ती आलीय तर आमी कशाला? मान तिचा. जा, सांग तिकडं, आमी फिरतोय माघारी."

मी घरातून धावत मागे गेले. विहिरीजवळ वाघजाईची पालखी खांद्यावर तशीच, आणि गंगारामकाका मान हलवत उभे.

"सोमजाई दारात असताना आमी मागनं घुसायचं? छ्या! पहिला मान थोरलीचा. सांग त्यांना, तुमी घ्या, आमी जातो."

मी पुन्हा पुढे. "ते म्हणतात तुम्ही घ्या."

"असं कसं, चूल त्यांची!"

पुन्हा मागे. "ते म्हणतात चूल तुमची."

"नि दार त्यांचं नाय?"

सकपाळ वहिनी कंपाउंडवर हात टेकून हे बघत होत्या. "मृणाली, दोघांना एकमेकांचे नंबर दे," त्या ओरडल्या. पालखीच्या भोयांना हसू आवरेना. पण भागोजीकाकांनी खरोखरच वळायची खूण केली आणि पालखीचा पुढचा दांडा रस्त्याकडे फिरू लागला. मी शेवटचं एकदा मागे सांगायला म्हणून घरात शिरले, मधल्या खोलीत आले, आणि सवयीने उडी मारायला पाय उचलला.

पाय उचललेलाच राहिला. खाली काळी पट्टी होती.

मी ओट्यावर परत गेले. "भागोजीकाका, तुमची शीव कुठवर आहे?"

"तुमच्या घरात कुठंतरी. म्हातारे गेले, आता कोनाला माहीत."

"मला माहीत आहे. तुम्ही आत या. शिवेपर्यंतच या. ती पलीकडून तिच्या शिवेपर्यंत येईल. कोणी कोणाच्या घरात जायचं नाही."

भागोजीकाका चपला काढून आत आले. मी गंगारामकाकांनाही स्वयंपाकघराच्या दाराने बोलावलं. दोघे पट्टीच्या दोन बाजूंना उभे राहून खाली बघू लागले.

"ही काय भानगड?" भागोजीकाका म्हणाले.

"दोरीची जागा," गंगारामकाका म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज साध्या माणसाएवढाच होता. "आमचा म्हातारा सांगायचा, मास्तरांनी दोरीवर दगड घातलाय. मला वाटलं कुंपनाचा."

"पण देवी मागच्या दारानं?" मी विचारलं. तेवढी एक शंका मला होती.

"बहिनीच्या घरी बाई कुठनं जाते?" गंगारामकाका म्हणाले. "मागच्या दारानं, सरळ चुलीपाशी. फुडच्या दारानं यायला ती काय विहीन हाय?"

मग जे झालं त्यात माझा काहीच हात नव्हता. पुढच्या दारातून सोमजाई आली, तिचा दांडा चौकटीला लागला, दोघा-तिघांनी तो तिरका करून काढला. स्वयंपाकघरातून वाघजाई आली, येताना फडताळावरची बरणी पडली आणि आई म्हणाली, "पडू दे, रिकामी आहे." आईने पट्टीच्या अलीकडे एक पाट मांडला, पलीकडे एक. पालख्या टेकल्या. मुखवटे एकमेकींसमोर आले. आमची मधली खोली एवढीशी, त्यात दोन गावांची माणसं, घामाचा आणि गुलालाचा वास. आईने आधी थोरलीची ओटी भरली, मग पट्टी ओलांडून धाकटीची. तिने उडी मारली नाही. ती कधीच मारत नसे.

"गाऱ्हानं तुमी घाला," भागोजीकाका म्हणाले.

"छे, तुमी," गंगारामकाका म्हणाले.

"पुन्हा नको!" आई म्हणाली. सगळे हसले, आणि भागोजीकाकांनी हात जोडले.

"बाय सोमजाई, बाय वाघजाई, आज तुमच्या दोगींच्या पायाशी आमी उभे हाव…"

"व्हय म्हाराजा!"

"आमी एकमेकांच्या भरवशावर ऱ्हायलो, तुमाला या दारावरनं फिरवत ऱ्हायलो, ती चूक पदरात घ्या…"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरातला, आमाला शिकवनारा, महिपत मोरे मास्तर, हा…"

इथे भागोजीकाका अडले. गाऱ्हाण्यात माणसाचं गाव घ्यावं लागतं. अमुक गावचं तुझं लेकरू, असंच ते वाक्य असतं. करंजघरचं म्हटलं तर वेळवणचे समोर उभे. वेळवणचं म्हणायला जीभ वळेना. घाटावरचं म्हणता येईल, पण घाटावरच्या लेकराचं गाऱ्हाणं खालच्या देवी कशाला ऐकतील. त्यांनी गंगारामकाकांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी आईकडे पाहिलं.

"शिवेवरचं म्हणा," आई म्हणाली. "तेच होते ते."

भागोजीकाकांनी मान हलवली. "हा शिवेवरचा, तुमच्या दोगींचा लेक. पयला मान त्याचा हुता, त्याच्याकडं आमी शेवटी आलो. जिथं असंल तिथं त्याला सुखी ठेवा, नि त्याच्या मागं ह्या घराची राखन करा, म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा!"

हे इतकं मोठ्याने झालं की सकपाळ वहिनींनी बाहेरून पुन्हा एकदा म्हटलं. मी पण म्हटलं. माझा आवाज मला ऐकू आला नाही, त्यामुळे सोपं गेलं.

निघताना भागोजीकाकांनी ओट्यावरच्या खुर्चीला हात लावून नमस्कार केला. "पालखी एकदा आली की दरसाल येनार, वयनी. ओटी भरायला घरचं मानूस पायजे हां."

ढोल दोन दिशांना गेले. आई फडताळाखालचे काचेचे तुकडे गोळा करू लागली. मी पट्टीवरचा गुलाल पुसायला फडकं घेतलं, तर म्हणाली, "आज नको पुसूस." थोड्या वेळाने म्हणाली, "मी काही चैत्रात येत नाही गो पुण्याला."

"का?"

"ऐकलंस ना? पुढल्या वर्षी पालखी आल्यावर कोण, भाडेकरू ओटी भरणार? त्याला काय माहीत आधी थोरली की धाकटी." तिने सुपली ठेवली. "तू येत जा शिमग्याला. न बोलावता."

दुपारी जेवायला बसलो तेव्हा आईने भात वाढला, तळलेला बोंबील वाढला आणि भांडं शोधत उठली. मग आपणच हसत परत बसली.

"सोलकढी नाही," ती म्हणाली. "दोन्ही नारळ गेले."

घरात एकही नारळ उरला नव्हता. आम्ही ताक-भात जेवलो.